पेशव्यांची कुपी

गेल्या महिन्यात कपाट आवरताना वरच्या फळीवरची कुपी खाली काढली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली. २०१४ साली वाईचा वाडा पाडला तेव्हा भावाने ती माझ्याकडे दिली होती. "तू इतिहासाची मास्तरीण, तूच सांभाळ," असं म्हणाला होता. मी सांभाळली म्हणजे काय केलं, तर दहा-अकरा वर्षं फळीवर ठेवून दिली! असो.

कुपी वीतभरही नाही. सहा पैलू, मान बारीक, वर भाल्याच्या टोकासारखं काचेचं बूच. बुचाला खाली बारीक लांब दांडी, अत्तरात बुडेल अशी. अंग लालभडक, डाळिंबाच्या दाण्यासारखं, आणि त्या लाल रंगातून पांढऱ्या काचेची वेलबुट्टी कोरून काढलेली. लहानपणी मी खिडकीत ती डोळ्याला लावून बघायची. सगळी वाई लाल दिसायची. कृष्णेचा घाटसुद्धा.

आमच्या घरात तिचं नाव 'पेशव्यांची कुपी'. आमच्या कुणा मूळपुरुषाने दुसऱ्या बाजीरावाच्या दफ्तरात चाकरी केली आणि खूश होऊन श्रीमंतांनी अत्तरासकट दोन कुप्यांची जोडी दिली, अशी आजी सांगायची. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आमच्यापासून तासाभराच्या पायवाटेवर. त्यामुळे वाईतल्या दर चौथ्या घरात पेशव्यांची एखादी तरी वस्तू असायचीच. कुणाकडे पानाचा डबा, कुणाकडे अडकित्ता, आमच्याकडे कुपी.

कार्य असलं की त्या दोन्ही कुप्या बाहेर निघायच्या. एक पुरुषांच्या बैठकीकडे जायची, एक बायकांकडे. चांदीच्या गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचं, मग कुपीतली दांडी मनगटावर टेकवायची. हिन्याचा वास दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीनंतरही जायचा नाही. म्हातारे लोक कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत खोचायचे. अत्तरगुलाब झाल्याशिवाय पाहुणा उठत नसे.

तर त्या कुपीविषयी आज लिहायचं आहे. पण आधी एक कबुली द्यायला हवी.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नववीला रोमन लोकांबद्दल शिकवताना एक गोष्ट मी दरवर्षी न चुकता सांगायची. रोमन लोकांच्या थडग्यांत काचेच्या लहान लहान लांब मानेच्या बाटल्या सापडतात. मेलेल्या माणसासाठी नातलग जे रडायचे ते अश्रू त्या बाटल्यांत गोळा करून प्रेताशेजारी ठेवत, म्हणून त्यांना अश्रुपात्रं म्हणतात. वर्गात अगदी शांतता पसरायची. एक-दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मलाही बरं वाटायचं, की चला, मुलांना इतिहास भिडतोय.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं, की ही गोष्ट चुकीची आहे. त्या बाटल्या अश्रूंच्या नव्हेतच. त्या सुगंधी तेलाच्या आणि मलमांच्या. आतल्या साक्याचं पृथक्करण करून पाहिलं तेव्हा तेलाचे आणि सुगंधी द्रव्यांचे अंश सापडले. प्रेताला सुगंधी तेल लावण्याची त्यांची रीत होती, तेल लावून झालं की बाटली तिथेच ठेवायची. बायबलमधल्या एका स्तोत्रात देवाला 'माझे अश्रू तुझ्या पात्रात साठव' अशा अर्थाची विनवणी आहे. पुढच्या काळातल्या लोकांनी ती विनवणी आणि या बाटल्या यांची सांगड घातली. एकोणिसाव्या शतकात युरोपात गुलाबाचं अत्तर विकायला बोटाएवढ्या काचेच्या नळ्या वापरत. अत्तर संपलं की फेकून द्यायच्या इतक्या स्वस्त. आज त्याही 'अश्रूंच्या कुप्या' म्हणून विकल्या जातात. गोष्ट जोडली की किंमत वाढते.

माझ्या हाताखालून किती मुलं गेली असतील! त्यातले कित्येकजण आज आजीआजोबा व्हायला आलेत आणि नातवंडांना ती अश्रूंची गोष्ट सांगत असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर बाळांनो, मागचं खोडा. बाईंचं चुकलं होतं.

या चुकीमुळेच मी काचेच्या कुप्यांबद्दल नीट वाचायला लागले. आणि खरी हकिगत अश्रूंपेक्षा काही कमी नाही, असं माझ्या लक्षात आलं.

काचेची भांडी करण्याची जुनी रीत बघा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये फुंकून काच करणं माहीत नव्हतं. माती, वाळू आणि शेण यांचा गोळा धातूच्या सळईच्या टोकाला लावायचा, त्याला बाटलीच्या पोकळीचा आकार द्यायचा, त्यावर वितळलेल्या काचेचा थर द्यायचा. मग पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या काचेचे धागे वरून गुंडाळायचे आणि ते मऊ असतानाच टोकदार हत्याराने वरखाली ओढायचे, म्हणजे पिसासारखी नक्षी उठते. गार झाल्यावर आतली माती खरवडून काढायची. एक कुपी करायला केवढा खटाटोप! म्हणून ती राजेरजवाड्यांच्या घरची वस्तू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अशीच केलेली एक माशाच्या आकाराची कुपी आहे, तळहातावर मावेल एवढी. अखेनातेन राजाच्या अमार्ना या राजधानीत एका घराच्या जमिनीखाली ती सापडली. निळ्या अंगावर पिवळ्या-पांढऱ्या लाटांचे खवले. चित्रात पाहिली तरी हात लावावासा वाटतो.

मग इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या सीरिया, लेबनॉन, इस्रायलच्या भागात, कुणाला तरी सुचलं, की नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन फुंकर मारली तर फुगा होतो. जेरुसलेमच्या जुन्या भागात उत्खननात त्या काळच्या काच कारागिरांनी टाकून दिलेला कचरा सापडला. त्यात फुंकलेल्या काचेच्या नळ्या आणि छोटे फुगे होते. या एका युक्तीने काच स्वस्त झाली. स्ट्रेबो नावाच्या भूगोलकाराने लिहून ठेवलंय, की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो. जी कुपी राजाच्या राणीची होती ती आता घरकाम करणाऱ्या बाईला घेता येऊ लागली. मी ज्यांना अश्रुपात्रं म्हणत होते त्या याच स्वस्तातल्या कुप्या. आज त्या संग्रहालयात मोरपिसासारख्या चमकतात, तो रंग कारागिराने दिलेला नाही. दोन हजार वर्षं मातीत राहून काचेचा वरचा थर झिजत गेला, त्याचे पापुद्रे झाले, त्यावरून प्रकाश तसा परततो.

त्या काळच्या बहुतेक कारागिरांची नावं कुणाला माहीत नाहीत. पण सिडोनकडचा एन्निओन नावाचा एकजण आपल्या भांड्यांवर साच्यातच अक्षरं उठवायचा, 'एन्निओनने केलं' अशी. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावं घालतात, पण ती घेणाऱ्याची. करणाऱ्याचं नाव भांड्यावर बघायला मिळणं विरळाच.

आता आमच्या कुपीकडे येते.

काही वर्षांपूर्वी आम्ही निवृत्त शिक्षकांची मंडळी हैदराबादला गेलो होतो. सालारजंग संग्रहालयात ते प्रसिद्ध घड्याळ बघायला सगळे धावले. मी आपली गुडघ्यांमुळे मागे राहिले आणि काचेच्या दालनात शिरले. तिथे एका कपाटासमोर मी थबकलेच. तोच लाल रंग! तीच पांढरी कोरीव वेल! पाटीवर लिहिलं होतं, बोहेमिया.

बोहेमिया म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा मोठा भाग. तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. डोंगर, जंगल, भट्टीला भरपूर लाकूड, लाकडाच्या राखेतून मिळणारा क्षार आणि चांगली वाळू. काचेला जे जे लागतं ते सगळं हाताशी. तिथली काच कडक आणि स्वच्छ, कोरायला उत्तम. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला प्राग शहरात राजा रुडॉल्फच्या पदरी कास्पार लेमान नावाचा कारागीर होता. रत्नांवर कोरीव काम करण्याची चाकाची पद्धत त्याने काचेवर आणली. त्यानंतर गावोगावी घराघरांत चाकं फिरू लागली. भट्टीत बाटली तयार व्हायची आणि मग पैलू पाडायला, कोरायला, रंगवायला ती घरी बसून काम करणाऱ्या कुटुंबांकडे जायची. आपल्याकडे विड्या वळायला किंवा माग चालवायला घरोघर माणसं असत, तसंच.

हा लाल रंग पक्का करण्याचं श्रेय फ्रीडरिश एगरमान या माणसाचं. जन्म १७७७, मृत्यू १८६४. नोवी बोर या गावात त्याचं काम चालायचं. त्याआधी लाल काच करायची तर वितळलेल्या काचेत सोन्याचा अंश घालत, म्हणजे खर्चाचं काम. एगरमानने वेगळा मार्ग शोधला. साध्या पांढऱ्या काचेवर तांब्याच्या क्षाराचा लेप द्यायचा आणि पुन्हा भट्टीत घालायचं. वरचा अगदी पातळ थर लाल होतो. मग चाकावर धरून हवी तिथे कोरलं, की लाल जाऊन खालची पांढरी काच दिसते. चांदीच्या क्षाराने त्याने पिवळा रंग आधीच साधला होता. लाल साधला १८३२ साली.

१८३२! आणि पेशवाई बुडाली १८१८ ला.

हैदराबादहून आल्यावर मी भिंग घेऊन बसले. आशा होती, की आपल्या कुपीचा लाल रंग आरपार असेल. पण कोरलेल्या कडेला बघितलं तर लाल रंगाला जाडीच नाही. कागदाहून पातळ. बुचाच्या कडा आणि तळाचा काठ जिथे वर्षानुवर्षं हात लागला तिथे तो झिजून फिका झालेला. म्हणजे लेपच तो. पेशव्यांच्या दरबारात विलायती काच नव्हती असं नाही. हंड्याझुंबरं तर होतीच. पण ही कुपी बाजीरावाने कुणाला दिलेली असणं शक्य नाही. ती जन्मली तेव्हा तो ब्रह्मावर्ताला गंगेकाठी दिवस मोजत होता, नाहीतर वारलासुद्धा होता.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. आजीची गोष्ट खोटी ठरवायला मी कोण?

मग ही कुपी वाईला आली कशी? त्याची पावती काही आमच्याकडे नाही. पण असा माल आपल्याकडे कसा यायचा ते सांगता येतं. सुएझचा कालवा १८६९ ला खुला झाला आणि त्रिएस्त बंदरातून ऑस्ट्रियन लॉइडच्या आगबोटी मुंबईला येऊ लागल्या. बोहेमियातले व्यापारी पूर्वेकडच्या लोकांच्या आवडीनिवडी ओळखून माल करत. तुर्कस्तानासाठी वेगळा, इराणसाठी वेगळा, हिंदुस्थानासाठी वेगळा. हुक्क्याचे तळ, गुलाबदाण्या, अत्तराच्या कुप्या. आणि बायांनो, बांगड्या! नोवी बोरच्या पूर्वेला याब्लोनेत्स म्हणून गाव आहे. तिथून काचेच्या बांगड्या आणि मणी पेट्याच्या पेट्या भरून मुंबईला उतरायचे. आपल्या पणज्यांच्या हातातल्या कितीतरी बांगड्या त्या बर्फाळ मुलखातल्या बायाबाप्यांनी केलेल्या होत्या. ज्यांनी त्या केल्या त्यांना सवाष्ण म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि ज्यांनी भरल्या त्यांना बोहेमिया कुठे आहे हे माहीत नव्हतं.

स्वदेशीच्या चळवळीत विलायती काचेवर बहिष्कार पडला, तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, मग १९१६ साली ओगले बंधूंचा. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील कुणाला आठवत नाही? त्याच्या उजेडात मी पाढे पाठ केलेत. म्हणजे बाजीरावाकडून नव्हे, तर आमच्या कुणा पणजोबांनी मुंबईला गेले असताना एखाद्या कार्यासाठी दोन कुप्या घेतल्या असाव्यात, हे जास्त संभवतं. पुढच्या पिढीत 'मुंबईहून आणल्या' हे सांगण्यापेक्षा 'श्रीमंतांनी दिल्या' हे सांगणं बरं वाटलं असेल, एवढंच.

इकडे आपल्या घरात हिना चालला होता तेव्हा तिकडे पॅरिसमध्ये कुपीला वेगळंच महत्त्व येत होतं. त्याचं कारण आतल्या मालात आहे. आपलं अत्तर म्हणजे कन्नौजच्या डेग-भपक्यात फुलांची वाफ चंदनाच्या तेलात जिरवलेली. तेलात मुरलेलं म्हणून सावकाश उडतं, थेंबभर पुरतं. फ्रेंच पर्फ्युम स्पिरिटमधलं. झाकण जरा सैल राहिलं की हवेत गेलं. म्हणून तिकडे बूच घट्ट बसवण्याची एक विद्याच झाली. भारी बाटलीच्या बुचावर पातळ पापुद्रा ओला करून ताणून बसवायचा आणि मानेला दोऱ्याचे वेढे घालून बांधायचं. गेर्लँ या घराण्याने १८५३ साली नेपोलियन तिसऱ्याची राणी युजेनी हिच्यासाठी जी बाटली केली तिच्यावर ६९ मधमाश्या आहेत. मधमाशी हे त्या राजघराण्याचं चिन्ह. ती बाटली आजही निघते.

पुढे फ्रान्स्वा कोटी नावाचा कॉर्सिका बेटावरचा मुलगा पॅरिसला आला. त्याची एक गोष्ट दंतकथेसारखी सांगतात. १९०४ साली एका मोठ्या दुकानाने त्याचं पर्फ्युम घ्यायचं नाकारलं, तेव्हा त्याने बाटली तिथेच फरशीवर आपटली. वास दरवळला आणि बायकांनी गर्दी केली. अश्रुपात्रांनी हात पोळल्यामुळे मी अशा गोष्टींवर आता चटकन विश्वास ठेवत नाही! पण त्याने पुढे जे केलं ते मात्र खरंच मोठं. शेजारी रेने लालिक या प्रसिद्ध जवाहिऱ्याचं दुकान होतं. कोटीने त्याला अत्तराच्या बाटल्या करायला सांगितलं. लालिकने १९०९ च्या सुमारास पॅरिसजवळ काचेचा कारखाना भाड्याने घेतला, १९१३ ला विकतच घेतला. धातूच्या साच्यात काच घालून फुलं, फांद्या, चतुर, पंख असलेल्या बायका असं काय काय त्याने बाटल्यांवर उठवलं. साचा एकदा झाला की हजारो बाटल्या निघतात. म्हणजे जे काम एरवी श्रीमंतांच्या गळ्यातल्या दागिन्यांवर व्हायचं ते साध्या नोकरदार बाईच्या आरशापुढे आलं. एन्निओननंतर जवळजवळ एकोणीसशे वर्षांनी पुन्हा साचा, पुन्हा स्वस्ताई, आणि पुन्हा बाटलीवर करणाऱ्याचं नाव. लालिक आपलं नाव तळाला घालायचा.

आपला धागाही तिथे आहे. १९२५ साली पॅरिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात गेर्लँने 'शालिमार' पुढे आणलं. नाव मुघलांच्या बागेचं. बाटली पायावर उभी, पंख पसरल्यासारखी, निळ्या बुचाची. बागेतल्या कारंज्याच्या कुंडावरून तो आकार घेतला असं म्हणतात. बाटली घडवली बाकाराच्या कारखान्याने, १७६४ पासूनचा जुना कारखाना तो.

आता बुचाकडे वळते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

काचेचं बूच कुठल्याही बाटलीला बसत नाही. कारागीर कुरुंदाची पूड आणि पाणी घेऊन बाटलीची मान आतून घासतो आणि बुचाची दांडी बाहेरून. घासता घासता दोन्ही एकमेकांना चपखल बसेपर्यंत. हातकाम असल्यामुळे दर जोडी केसाभराने वेगळी होते. मग दहा-वीस बाटल्या एकदम धुताना बुचांची अदलाबदल होऊ नये म्हणून तो दोन्हीवर एकच आकडा कोरून ठेवतो. एक बाटलीवर, एक बुचावर. जुन्या कुप्या पारखणारे लोक पहिल्यांदा हा आकडा बघतात.

हे वाचलं आणि मी उठून भिंग आणलं. कुपीच्या तळाला, काठाजवळ, सुईने ओरखडावं तसा बारीक आकडा दिसला. २७. बूच उपटलं, दांडीच्या वरच्या जाड भागावर शोधलं. ३१.

पुन्हा बघितलं. ३१ च.

आता घरातली गोष्ट सांगते. नातेवाइकांना ती माहीत आहे, पण या बाजूने नाही. आजी १९६१ साली गेली, त्यानंतर वाटणी झाली. माझे वडील धाकटे, अण्णाकाका थोरले. ते इंदूरला गिरणीत नोकरीला होते. भांडण झालं ते मळ्याच्या विहिरीवरून. पण विहिरीचं भांडण कुणी जेवताना बोलत नाही. बोलायला कुपी बरी पडते. दोघांना एकेक कुपी आली. आमच्या कुपीचं बूच खुळखुळायचं. अत्तर घातलं की चार-सहा महिन्यांत वास उतरायचा. वडील प्रत्येक वेळी म्हणायचे, "अण्णाने पारखून घेतली. धड होती ती नेली, उडकी आपल्या गळ्यात मारली." मी हे वाक्य अकराव्या वर्षापासून ऐकत आले. दोघे भाऊ त्यानंतर तीनच वेळा भेटले, आणि त्यातल्या दोन वेळा कुणीतरी वारलं म्हणून.

अण्णाकाकांची थोरली मुलगी, माझी चुलत बहीण अक्का, इंदूरला असते. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. तिला फोन लावला.

"अक्का, तुमची कुपी आहे ना अजून?"

"न असायला काय झालं? देवघरात आहे. पण बूच काही धड बसत नाही मेलं. सुरुवातीपासूनच. वर उंच राहतं आणि डुलतं. दोनदा पडून टवका उडालाय. बाबा म्हणायचे, धाकट्याने चांगली ठेवून घेतली आणि आपल्याला ही दिली."

मी क्षणभर काही बोललेच नाही. तिकडून ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग तिला म्हटलं, नातवाला हाक मार आणि मोबाइलच्या उजेडात तळाचा आकडा बघायला सांग. पाच मिनिटं नुसती खुडबुड ऐकू येत होती. मग नातू म्हणाला, "आजी, बाटलीवर थर्टी वन आहे. आणि बुचावर… ट्वेंटी सेव्हन."

म्हणजे झालं होतं ते एवढंच. कुठल्या तरी कार्यानंतर रिठ्याच्या पाण्यात दोन्ही कुप्या एकदम धुतल्या गेल्या, आणि पुसून ठेवताना याचं बूच त्याला लागलं. धुणारी कदाचित आजी असेल, कदाचित आई किंवा काकू. हे आकडे घरात कुणी कधी बघितलेच नव्हते. २७ ची मान रुंद, तिच्यात ३१ ची बारीक दांडी खुळखुळत राहिली. ३१ ची मान अरुंद, तिच्यावर २७ ची जाड दांडी उंच डुलत राहिली. धड कुपी कुणाकडेच गेली नव्हती. दोघे भाऊ जन्मभर समजत राहिले, की चांगली दुसऱ्याकडे आहे.

वडील जाऊन तेहतीस वर्षं झाली. अण्णाकाका त्यांच्या आधी गेले. कळलं तेव्हा सांगायला कुणी उरलं नव्हतं. मी इतिहास शिकवणारी, जगभरच्या तहांच्या तारखा पाठ असणारी, आणि घरातल्या कुपीचा तळ मी पंचाहत्तरी उलटल्यावर बघितला. हाच आकडा १९६१ ला कुणी वाचला असता तर विहिरीचं भांडण मिटलं असतं असं मी म्हणत नाही. पण वडिलांच्या तोंडचं ते एक वाक्य तरी कमी झालं असतं.

त्या दिवसापासून मला पेशव्यांचं काही वाटेनासं झालं आहे. डोळ्यांपुढे येतो तो बोहेमियातल्या कुठल्या तरी घरात चाकापुढे बसलेला माणूस. त्याने आपलं नाव नाही घातलं, फक्त आकडा घातला, जोडी फुटू नये म्हणून. त्याचे वंशजही बहुधा आता तिथे नाहीत. त्या पट्ट्यातले कारागीर बहुतेक जर्मन बोलणारे. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये त्यांना हाकलून देण्यात आलं. हातात मावेल तेवढं सामान घेऊन निघालेले ते लोक. याब्लोनेत्सचं जर्मन नाव गाब्लोन्झ. तिथून निघालेल्यांपैकी अनेकांनी जर्मनीत बव्हेरियामध्ये नवी वसाहत केली आणि तिला नाव दिलं नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवं गाब्लोन्झ. तिथे पुन्हा मणी आणि काचेचे दागिने करू लागले. वाटण्या काय, सगळीकडे होतात.

अक्काच्या नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे, इंदूरला. बूच घेऊन मी जाणार आहे. कुपी नको, फक्त बूच. मऊ लुगड्यात गुंडाळून, डब्यात घालून, आणि वर चिठ्ठी, '३१'. येताना २७ घेऊन येईन. टवके उडालेलं असलं तरी ते आमचं आहे. लग्नात व्याह्यांना अत्तर इंदूरच्या कुपीतूनच लावायचं, असं अक्काने जाहीर केलंय. हिना मी इथून नेणार.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "हे सगळं लिही हो तू. पण ते पेशव्यांचं तेवढं लिहू नकोस. व्याह्यांना सांगून झालंय."

अक्का, लिहिलं गं मी. रागावू नकोस. व्याही वाचणार नाहीत अशी आशा करू या.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी काचेच्या बुचाच्या जुन्या कुप्या असतील तर आजच भिंग घेऊन बसा. आणि कृपा करून दोन कुप्या एकदम धुवू नका.